यातेंगाच्या माळावरील दगडी ओळी

महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या ताटात भाकरीच्या रूपाने येणारी ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची होत. बाजरीची लागवड प्रथम ज्या भागात झाली, तो सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या माली देशाच्या परिसरात येतो, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. या कडेच्या पट्ट्याला साहेल म्हणतात. साहेल या अरबी शब्दाचा अर्थ किनारा असा आहे. हजारो वर्षे बाजरी पिकविणाऱ्या या पट्ट्यात १९६८ ते १९७३ या काळात पावसाने सतत दगा दिला. जनावरे मोठ्या संख्येने मेली, गावे ओस पडली आणि जगभरच्या सेवाभावी संस्था धान्याची पोती, औषधे व पैसा घेऊन तेथे पोहोचल्या. आपल्याकडेही १९७२ चा दुष्काळ त्याच सुमाराचा.

धान्य वाटण्याचे काम संपल्यावर त्या संस्थांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा धान्य वाटावे लागू नये, यासाठी खेड्यातील शेतीत काय करावे? या प्रश्नाला अनेक ठिकाणी अनेक उत्तरे शोधण्यात आली आणि त्यांतील बरीचशी फसली. बुर्किना फासो या देशाच्या यातेंगा प्रदेशात मात्र एक काम असे झाले की, ते आधी चुकले, मग शेतकऱ्यांनी ते दुरुस्त केले आणि नंतरच ते रुजले. त्याची हकीकत म्हणूनच तपशिलाने पाहण्यासारखी आहे.

बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतील, समुद्रकिनारा नसलेला देश. १९६० साली तो फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. १९८४ पर्यंत त्याचे नाव अप्पर व्होल्टा असे होते. देशाच्या उत्तर भागात यातेंगा हे मोस्सी लोकांचे जुने राज्य असून वाहिगुया हे त्याचे मुख्य शहर आहे. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, साधारणतः पाचशे ते सातशे मिलिमीटर. तोही थोड्याशा, पण जोरदार सरींत कोसळून जातो. मातीच्या वरच्या थरावर टणक पापुद्रा धरतो आणि पाणी आत न मुरता वाहून जाते, जाताना उरलीसुरली मातीही घेऊन जाते. अशा उघड्याबोडक्या, फरशीसारख्या झालेल्या जमिनीला तेथील मूरे भाषेत झिपेले म्हणतात. तिच्यावर गवताची काडी उगवत नाही. लोकवस्ती दाट, पडीक ठेवून जमिनीला विसावा देण्याची जुनी पद्धत मोडलेली. त्यामुळे झिपेले वाढत गेले आणि तरुण मंडळी आयव्हरी कोस्टमधील कोको-कॉफीच्या मळ्यांत मजुरीला जाऊ लागली. मागे उरले म्हातारे, स्त्रिया आणि मुले. ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा आणि त्याबरोबर भेंडी, अंबाडी किंवा गोरखचिंचेच्या पानांचे कालवण हे त्यांचे रोजचे अन्न. सुगीनंतर चार-सहा महिन्यांत घरचे धान्य संपले की तेही दुरापास्त होई.

यंत्रांनी घातलेले बांध

यातेंगातील धूप थांबविण्याचा पहिला मोठा प्रयत्न दुष्काळापूर्वीच झाला होता. १९६२ ते १९६५ या काळात परदेशी पैशाने आणि परदेशी अभियंत्यांच्या देखरेखीखाली अवजड यंत्रे आणून सुमारे १,२०,००० हेक्टर क्षेत्रावर मातीचे बांध व चर काढण्यात आले. आखणी शास्त्रशुद्ध होती. संपूर्ण पाणलोट क्षेत्र एकसंध धरून काम केलेले होते. कामाचा वेगही थक्क करणारा होता. फक्त ज्यांच्या शेतातून हे बांध जात होते त्यांना कोणी काही विचारले नव्हते. आपल्या शेतावर येणारे पाणी हे बांध भलतीकडे वळवतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. कोरड्या मुलखात पाणी घालवून द्यायचे नसते, अडवायचे असते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. यंत्रे परत गेली. बांधांची डागडुजी कोणी केली नाही, काही ठिकाणी तर लोकांनीच ते फोडले. थोड्याच वर्षांत एवढ्या मोठ्या योजनेच्या खुणा तेवढ्या शिल्लक राहिल्या. कागदावर यशस्वी ठरलेले हे काम लोकांच्या मनात मात्र दीर्घकाळ अविश्वास ठेवून गेले, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याची किंमत मोजावी लागली.

'नाम' मंडळे

दुसरा प्रयत्न अगदी वेगळ्या बाजूने सुरू झाला. बर्नार्ड लेदेआ वेद्राओगो हे त्याच प्रदेशातील शिक्षक. पुढे ग्रामीण शिक्षणाच्या कामात असताना खेड्यांत वरून लादलेली तरुणांची मंडळे टिकत नाहीत, असे त्यांच्या ध्यानी आले. मोस्सी समाजात कोंबी-नाम नावाची एक जुनी चाल होती. गावातील एकाच वयाची मुले-मुली एकत्र येत, आपला प्रमुख व इतर पदाधिकारी निवडत, पावसाळ्यात लोकांच्या शेतांवर मिळून काम करत आणि त्या कमाईतून सुगीनंतर मोठा उत्सव साजरा करत. मंडळात असेतोवर घराणे, कूळ, श्रीमंती यांचा मोठेपणा बाजूला ठेवावा लागे. मूरे भाषेत 'नाम' म्हणजे सत्ता किंवा अधिकार. वेद्राओगो यांनी १९६७ च्या सुमारास याच चालीला नवे काम दिले. कमाई उत्सवात संपवून टाकण्याऐवजी तिच्यातून विहीर, भाजीचा मळा, पिठाची गिरणी किंवा धान्याचे कोठार उभारायचे, एवढाच काय तो बदल होता. गावातील वडीलधाऱ्यांना त्यात परके काही वाटले नाही, हे महत्त्वाचे. 'न मोडता घडवणे' अशा आशयाचे सूत्र ते आपल्या कामाविषयी सांगत असत.

बर्नार्ड लकोंत या फ्रेंच सहकाऱ्यासह त्यांनी १९७६ मध्ये 'सिक्स-एस' ही संस्था काढली. साहेल आणि सॅव्हाना प्रदेशातील कोरड्या ऋतूचा उपयोग करून घेणे, अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले होते. पावसाळ्यानंतरचे सात-आठ महिने शेतकऱ्याच्या हाताला काम नसते. तो काळ कामी लावावा, हा त्यामागील विचार. या संस्थेची पैसा देण्याची रीत अधिक विचारात घेण्याजोगी आहे. सामान्यतः देणगीदार संस्था आधी योजना ठरवते, तिचा अर्थसंकल्प मांडते आणि मग गाव शोधते. सिक्स-एसने देणगीदारांकडून कोणत्याही ठरावीक योजनेला न बांधलेला निधी मिळवला आणि तो कशावर खर्च करायचा हे गावगटांच्या संघांवर सोपवले. गटाने स्वतःचा वाटा आधी घालावा, घेतलेले कर्ज फेडावे आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा, एवढ्या अटी होत्या. युरोपातील देणगीदारांना हे पटवणे सोपे नव्हते. आपला पैसा नेमका कोणत्या वस्तूवर खर्च झाला, हे दाखवता यावे असे देणाऱ्यास वाटतेच. तरीही ऐंशीच्या दशकात हे काम सेनेगल, माली आदी देशांतही पसरले आणि वेद्राओगो यांना १९९० मध्ये 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. सिक्स-एसचा मोठा व्याप पुढे टिकला नाही. पण वाहिगुयाच्या आसपास लोकांना एकत्र बसून निर्णय घेण्याची जी सवय लागली होती, तिचा फायदा तिसऱ्या प्रयत्नाला झाला.

झाडांकडून ज्वारीकडे

ऑक्सफॅम या ब्रिटिश सेवाभावी संस्थेने १९७९ मध्ये यातेंगात वनशेतीचा एक छोटा प्रकल्प सुरू केला. उद्देश झाडे लावण्याचा होता. इस्राएलमधील नेगेव्ह वाळवंटात लहान लहान आळी करून त्यांत पावसाचे पाणी गोळा करतात आणि त्यावर झाडे जगवतात. तीच पद्धत येथे करून पाहावी, असे ठरले. शेतकऱ्यांनी आळी केली, रोपेही लावली. पण कोरड्या दिवसांत मोकाट सुटणाऱ्या शेळ्यांपासून ती राखणार कोण? ज्या घरात सहा महिन्यांचे धान्य नाही, तेथे सरपणाच्या झाडासाठी कोण राबणार? काही शेतकऱ्यांनी त्या आळ्यांत गुपचूप ज्वारी-बाजरी पेरली आणि अडलेल्या पाण्यावर कणसे भरलेली पाहून इतरांनीही तेच केले.

येथे संस्थेपुढे दोन मार्ग होते. करार झाडांचा होता. तोच रेटून नेता आला असता. ऑक्सफॅमच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत बसून चर्चा केली आणि प्रकल्पाचा रोख अन्नधान्याकडे वळवला. बाहेरून मदत घेऊन येणाऱ्या संस्थेने आपली चूक एवढ्या लवकर मान्य केल्याची उदाहरणे थोडीच आढळतात. पुढे प्रकल्पाची सूत्रे माथ्यू वेद्राओगो या स्थानिक तज्ज्ञाकडे आली.

कोणत्या पद्धतीने पाणी अडवायचे, हेही शेतकऱ्यांनीच निवडले. मातीचे बांध त्यांना नको होते. ते दर पावसाळ्यात फुटतात आणि त्यांच्या मागे पाणी साचून पीक सडते, हा अनुभव ताजा होता. माळावर लोहयुक्त दगड मुबलक होते आणि शेतात दगडांच्या ओळी लावण्याची जुनी रीतही होती. मावळात उतारावरच्या शेताला ताल घालतात, तिचीच ही ठेंगणी बहीण म्हणावी. अडचण एकच होती. यातेंगाचा माळ डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसतो. शेकडा एक-दोन एवढाच उतार असला की पाणी नेमके कोणीकडे जाईल, हे जाणत्या शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. जुन्या ओळी अंदाजाने लावलेल्या असत. त्यामुळे पाणी एका खोलगट जागी गोळा होई आणि तेथून ओळ फोडून जाई. समपातळी रेषा काढायची तर दुर्बिणीचे उपकरण हवे आणि ते चालवणारा शिकलेला माणूसही हवा.

यावर जो उपाय काढण्यात आला तो आपल्याकडील कोणताही गवंडी ओळखील. भिंतीची पातळी बघण्यासाठी गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो; तशीच दहा-वीस मीटर लांबीची नळी घेऊन तिची दोन टोके सारख्या खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधण्यात आली. एक माणूस काठी धरून जागेवर उभा राहतो. दुसरा आपली काठी घेऊन थोडा वर-खाली सरकतो. दोन्ही काठ्यांवरील पाणी एकाच खुणेवर स्थिरावले की दोघे एकाच पातळीवर आहेत, असे ठरते. तिसरा माणूस कुदळीने तेथे खूण करतो आणि मंडळी पुढे सरकतात. अक्षरओळख नसलेले शेतकरी दोन-तीन दिवसांत हे शिकत आणि मग दुसऱ्यांना शिकवत. सारे साहित्य काही डॉलरांत होई. शेतात रेषा कोठून जाते हे आता परगावच्या अभियंत्याने सांगायचे नव्हते, ती पाण्याने सर्वांच्या समक्ष दाखवलेली असे. त्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वादही कमी झाले.

रेषेवर बोटभर खोल चर खणून त्यात मोठे दगड बसवतात आणि फटींत लहान दगड भरतात. ओळीची उंची वीत-दीड वीत पुरते. उतारानुसार दर दहा ते पन्नास मीटरवर एक ओळ येते. ही ओळ पाणी पूर्ण अडवीत नाही, तिच्यातून ते झिरपत राहते, आणि तिची खुबी येथेच आहे. सरीचा जोर ओसरतो, पाणी पसरते, मुरायला वेळ मिळतो. त्याबरोबर वाहत आलेली माती, पालापाचोळा, लेंड्या आणि गवताचे बी ओळीच्या वरच्या अंगाला साठते. दोन-तीन पावसाळ्यांत तेथे गवत धरते आणि दगड हलायचे थांबतात. अतिवृष्टी झाली तरी ओळ फुटण्याची धास्ती नसते. अपुऱ्या पावसाच्या वर्षी तर ओळी असलेल्या शेतात कणसे आणि शेजारच्या शेतात केवळ ताटे, असा फरक दिसे. सांगोवांगी प्रचाराची मग गरज उरली नाही. १९८९ च्या अखेरीस चारशेहून अधिक गावांतील सुमारे ८,००० हेक्टर क्षेत्र दगडी ओळींखाली आले होते.

काय द्यावे आणि काय देऊ नये

या कामात मजुरीचा प्रश्न नाजूक होता. त्याच काळात साहेलमध्ये इतरत्र 'कामाच्या बदल्यात धान्य' या तत्त्वावर बांधबंदिस्ती चालली होती. पोट भरण्यासाठी ती योग्यच होती. पण स्वतःच्या शेतात दगड लावायलाही लोक धान्याच्या गाडीची वाट पाहत बसतात, असा अनुभव येऊ लागला. ऑक्सफॅमच्या प्रकल्पात शेतकऱ्याच्या शेतातील कामाला मजुरी देण्याचे टाळण्यात आले. संस्थेने दिली ती शिकवण आणि कुदळी, पहारी, हातगाड्या अशी अवजारे. दुष्काळी वर्षांत गावांना लागणारे धान्यही शक्यतो उसनवारीने देण्याकडे कल होता. हा नियम ऐकायला कठोर वाटतो. ज्या घरात कर्ती माणसे कमी, त्या घराला तो जाचकही होता, हे नमूद करायला हवे.

दगड वाहण्याचे काम सोपे मुळीच नाही. जवळचे दगड संपले की एक-दोन किलोमीटरवरून आणावे लागतात. पुरुष परदेशी मजुरीला गेलेल्या गावांत हे ओझे स्त्रियांच्या डोक्यावर आले. घरचे दळण-कांडण, पाणी-सरपण उरकून त्या दगडांच्या टोपल्या वाहत. नाम मंडळांनी काही गावांत डिझेलवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बसवल्या. रोज कित्येक तास उखळात मुसळ चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीने सगळ्या विकासकामांत ही गिरणी पहिल्या क्रमांकाची होती, यात नवल नाही.

धान्यपेढ्यांचे काम असेच गरजेतून उभे राहिले. सुगीत रोकडीच्या नडीपायी शेतकरी मिळेल त्या भावाने धान्य विकतो आणि पावसाच्या तोंडावर तेच धान्य दिढी-दुपटीने विकत घेतो. हा व्यवहार महाराष्ट्रातील वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. गावाने सुगीत धान्य खरेदी करून कोठारात ठेवायचे आणि नडीच्या महिन्यांत बेताच्या नफ्यावर गावालाच विकायचे, अशी योजना होती. जेथे हिशेब चोख राहिला तेथे पेढी चालली. जेथे आप्तेष्टांना उधारीवर धान्य गेले आणि वसुली झाली नाही, तेथे कोठार रिकामे पडले. आणि साहेलमध्ये अशा बंद पडलेल्या पेढ्यांची संख्या लहान नाही.

खड्डा, खत आणि वाळवी

दगडी ओळींना जोड मिळाली ती एका शेतकऱ्याच्या प्रयोगाची. वाहिगुयाजवळील गुर्गा गावचे याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास आपल्या पडीक जमिनीत 'झाई' खणायला सुरुवात केली. झाई म्हणजे बी पेरण्याचा लहान खड्डा; पद्धत जुनीच होती. सावादोगो यांनी खड्डे अधिक रुंद व खोल केले, साधारण वीतभर रुंद आणि अर्धी ते एक वीत खोल, आणि पावसाची वाट न पाहता ऐन कोरड्या दिवसांत खणून त्यांत शेणखत व पालापाचोळा टाकून ठेवला. उन्हाळ्यात खड्डे खणणाऱ्या या माणसाला गावाने वेडा ठरवले. खताच्या वासाने वाळवी आली आणि तिने टणक जमिनीखाली बिळे पाडली. आपण जिला शत्रू समजतो त्या वाळवीने येथे नांगराचे काम केले. पहिल्या सरीचे पाणी या बिळांतून खोल मुरले आणि ज्या झिपेलेवर गवत उगवत नव्हते, तेथे ज्वारी आली. एका हेक्टरमध्ये असे दहा-बारा हजारांहून अधिक खड्डे लागतात. मेहनत प्रचंड, पण ती रिकाम्या दिवसांतील.

शेणखतातून आलेल्या बियांपासून खड्ड्यांत झाडेही उगवली. सावादोगो यांनी ती राखली आणि हळूहळू वीस-पंचवीस हेक्टरांचे वन उभे राहिले. ऑक्सफॅमला सुरुवातीस जी झाडे हवी होती, ती अशी धान्याच्या मागोमाग आली. १९८४ पासून ते आपल्या शेतावर वर्षातून दोनदा शेतकऱ्यांचा बाजार भरवू लागले; दूरदूरच्या गावांतून येणारे लोक आपापल्या वाणांचे बी आणत आणि झाईची रीत पाहून जात. १९८९ मध्ये शेजारच्या नायजर देशातील इल्लेला जिल्ह्यातून तेरा शेतकऱ्यांना यातेंगा दाखविण्यास नेण्यात आले. परतल्यावर त्यांतील काहींनी आपल्या शेतात खड्डे खणले आणि १९९० च्या अवर्षणात त्यांचे पीक पाहून ती पद्धत त्या जिल्ह्यात झपाट्याने पसरली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुर्किना फासोत या निरनिराळ्या पद्धतींनी दोन ते तीन लाख हेक्टर जमीन पुन्हा लागवडीखाली आल्याचा अंदाज देण्यात आला आहे.

जमीन सुधारली तसा तिच्या मालकीचा प्रश्न पुढे आला. यातेंगात पुष्कळ कुटुंबे पूर्वापार दुसऱ्या घराण्याकडून उसनी घेतलेली जमीन कसतात. फरशीसारखा पडीक तुकडा कोणी मागत नाही. त्यावर काळी माती साठून ज्वारी डोलू लागली की मूळ मालकाला तो आठवतो. अशी सुधारलेली जमीन परत मागून घेतल्याचे प्रकार घडले आणि म्हणून उसन्या जमिनीवर दगडी ओळ लावायला अनेकजण कचरत. खुद्द सावादोगो यांनाही हा अनुभव चुकला नाही. वाहिगुया शहर वाढत गुर्गापर्यंत आले आणि त्यांच्या वनाच्या जमिनीवर घरांचे भूखंड आखले गेले. त्यांना २०१८ मध्ये 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

खत हाही एक प्रश्न आहे. झाईला शेणखत लागते, ते जनावरांवाचून मिळत नाही, आणि वाहून न्यायला गाडी-गाढव लागते. त्यामुळे या कामात पुढे गेले ते बहुतेक थोडीफार गुरेढोरे बाळगणारे. विधवा आणि निराधार कुटुंबे सामुदायिक कामाच्या आधाराने जेवढी पोहोचली तेवढीच.

२०१५ नंतर बुर्किना फासोच्या उत्तर भागात सशस्त्र टोळ्यांचे हल्ले सुरू झाले. २०२३ मध्ये देशभरातील विस्थापितांची संख्या वीस लाखांवर गेली. यातेंगाच्या आसपासची कित्येक गावे रिकामी झाली आणि तेथील अनेकांनी वाहिगुयात आसरा घेतला. दगडांच्या ओळी लावलेली शेते मागे राहिली. परक्या गावी कसायला तुकडा मिळालाच तर तो उसनवारीने मिळतो, बहुधा कोणी न मागितलेला झिपेले. त्यात या उन्हाळ्यात खड्डे खणावेत की पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री होईपर्यंत थांबावे, हे त्या कुटुंबाला पावसापूर्वी ठरवावे लागते.